चिठ्ठीवर मी लिहिले होते ‘ओटीपोट’

जानेवारीत ती पहिल्यांदा आली तेव्हाच्या केसपेपरची प्रत अजून माझ्या खणात आहे. वय 26, हनुवटीवर केस, मुरुमे, पाळी चुकलेली. अशा मुली आमच्या ओपीडीत रोज येतात आणि बहुतेकींना पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा बीजकोशांचा विकार) असतो. त्याच सवयीने मी सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘ओटीपोट’ एवढेच लिहिले. गर्भाशय व बीजकोश ठीक असल्याचा रिपोर्ट आला आणि मी गोळ्या लिहून दिल्या.

मे महिन्यात आईने तिला धरून आत आणले. रक्तदाब 170/110, रक्तातले पोटॅशियम घसरून 2.7, दंडांवर काळेनिळे डाग, आणि खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हते. “फोनवर मावशी मला दादा समजते,” असे ती म्हणाली, तेव्हा मला घाम फुटला. काही महिन्यांत झपाट्याने केस वाढणे, आवाज घोगरा होणे हे पीसीओएसचे लक्षण नव्हे.

रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची 1 मिलिग्रॅमची गोळी दिली, की निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीत तयार होणारे स्टिरॉइड संप्रेरक, सकाळी डेसिलिटरला 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली उतरते. तिचे 27 होते. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर, अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जागी, 9 सेंटिमीटरची गाठ दिसली. ग्रंथीच्या साध्या गाठीत बहुधा चरबी भरपूर असते, त्यामुळे सीटीवर तिची घनता 10 हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीतले घनतेचे माप) आत राहते. येथे ती 36 होती.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांवर सगळे तज्ज्ञ मिळून चर्चा करतात त्या बैठकीत, एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी “उद्या बायोप्सी करून टाकू” असे सुचवले. कर्करोग म्हटला की आधी सुई, हा आमच्याकडचा रिवाज इतका मुरलेला आहे, की अ‍ॅड्रिनल त्याला अपवाद आहे हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. इवल्याशा तुकड्यावरून साधी गाठ आणि कर्करोग यांतला फरक खात्रीने कळत नाही, आवरण फुटून पेशी सांडण्याची भीती असते, आणि गाठ फिओक्रोमोसायटोमाची (अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके सोडणारी) निघाली तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब असा उसळतो की रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. म्हणून तिला अर्धा तास आडवे झोपवून मेटानेफ्रिनसाठी (फिओक्रोमोसायटोमात वाढणारे रसायन) रक्त घेतले आणि नळी बर्फात ठेवून मी स्वतः प्रयोगशाळेत पोहोचवली. ते प्रमाण सामान्य आले, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा नव्हता; पण बाकीची दोन कारणे उरलीच होती, म्हणून बायोप्सीचा विषय संपला आणि थेट शस्त्रक्रिया ठरली.

दुर्बिणीचा मोह आवरून आमच्या शल्यविशारदांनी पोट उघडून शस्त्रक्रिया केली आणि गाठ आवरणासकट अखंड काढली. त्यांच्या हाताचे कौतुक मी त्यांच्यासमोर कधी केलेले नाही, ते येथे करतो. दुसरी ग्रंथी कॉर्टिसॉलच्या अतिरेकाने निजलेली असल्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे औषध, टेबलावरच सुरू केले. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वाइस गुणांकन देतात; 3 किंवा अधिक म्हणजे कर्करोग. तिचे 6 आले, आणि पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारे कि-67 हे माप 18 टक्के.

वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्यालाच होणाऱ्या या अ‍ॅड्रिनलच्या कर्करोगावरचे औषध, मायटोटेन, हे डीडीटीच्या कुळातले रसायन आहे. रक्तातली पातळी लिटरला 14 ते 20 मिलिग्रॅम राखावी लागते. तेथे पोहोचायला तिला तीन महिने लागले, आणि त्या काळात मळमळीने ती निम्मी झाली. हे औषध कॉर्टिसॉलही वेगाने संपवते, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनचा डोस नेहमीपेक्षा वाढवावा लागतो. ही गोष्ट गावाकडच्या डॉक्टरांना मी फोनवर दोनदा समजावली, तरी त्यांनी “स्टिरॉइड फार होतात” म्हणून तो निम्मा केलाच.

मागच्या भेटीत तिने विचारले, “डॉक्टर, जानेवारीत वरच्या पोटाची सोनोग्राफी केली असती तर?” तेव्हा गाठ केवढी होती हे आता सांगता येत नाही, असे उत्तर मी दिले, आणि ते खरे आहे. परंतु त्या केसपेपरवर, केसांच्या तक्रारीपुढे, ‘तीन महिन्यांत’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.