सहावा ग्लास

आमच्या हॉटेलमालकांचे एक दोस्त मुंबईला व्हिस्की टेस्टिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच. आपल्या फार्महाउसवर करायचं, मोजकी माणसं बोलवायची, ग्लासांवर नुसते नंबर, कोणती कुठली ते शेवटी सांगायचं. काम माझ्याकडे आलं. मी पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात शिकून जळगावात बार सांभाळायला परत आलेला माणूस. इथे रोज सोडा, बर्फ आणि चकणा यापलीकडे कोणी काही विचारत नाही, त्यामुळे खरं सांगायचं तर मलाही हौस आली.

एक दिवसाचा परवाना काढला, बाटल्या बिलावर आणल्या. पाच मी निवडल्या: जेमसन, ग्लेनफिडिक 12, जॅक डॅनियल्स, अमृत फ्यूजन आणि मुंबईहून मागवलेली लाफ्रॉइग 10. सहावी भाऊंची स्वतःची. भाऊ म्हणजे यजमान, मालकांचे तेच दोस्त. "दुबईची आहे, ड्युटी फ्री. ही शेवटी ठेव," म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, लाफ्रॉइग धुराची व्हिस्की आहे, ती शेवटी ठेवतात, तिच्यानंतर जिभेला काही कळत नाही. "शेवटी म्हणजे शेवटी." बरं.

दिवस थंडीचे, म्हणजे फार्महाउस म्हटल्यावर भरीत पार्टी आलीच. मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून आचारी वांगी भाजत होता, चुलीवर शेवभाजीची फोडणी पडली होती. मिरची-लसणाच्या त्या ठसक्यात नाक काय कामाचं? हातापाया पडून जेवण मागे ढकललं आणि टेबल पुढच्या खोलीत लावलं. तरी सराफ बाजारातले दोघं अत्तर लावून आलेच. अत्तर लावून व्हिस्की चाखायला येणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

प्रत्येक ग्लासात वीस मिली. साठच्या पेगची सवय असलेल्या मंडळींना तो अपमान वाटला. बर्फ नाही, सोडा नाही, साधं पाणी आणि ड्रॉपर. ग्लास वाइनसारखा गरागरा फिरवायचा नाही, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोल नुसतं नाकाला झोंबतं. पहिला घोट जीभ तयार करायला, दुसरा चवीला. मग दोन थेंब पाणी टाकून पुन्हा वास. पाण्याने दबलेले वास मोकळे होतात. हे प्रत्येकाने स्वतः करून बघितलं आणि खोलीतली चेष्टा थोडी कमी झाली.

जेमसन तीनदा डिस्टिल होते. गुळगुळीत, घशाला कुठे अडत नाही. "पाणी घातलंय का?" ही पहिली प्रतिक्रिया. ग्लेनफिडिकमध्ये नाशपातीचा हलका गोडवा येतो, तो दोघांना लागला, बाकीच्यांनी मान डोलावली. तिसऱ्या ग्लासापाशी मात्र मजा आली. सावद्याचे नाना, केळीचे जुने व्यापारी, त्यांनी ओठही लावला नाही. नुसतं नाक घातलं आणि म्हणाले, "हे त पिकेल केयीचा वास येऊन राह्यला भो. पिकवायचं चेंबर उघडल्यावर येतो तसा." सगळे हसले. मी हसलो नाही. जॅक डॅनियल्समध्ये केळं सापडतं हे जगभरचे चाखणारे सांगतात. आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा जो एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं रसायन, पिकलेल्या केळ्याला वास देतो, तोच धान्य आंबवताना यीस्टही तयार करतं. पुढे साखर मेपलच्या कोळशातून गाळून आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवूनही तो उरतो. नानांनी नाव न वाचता, घोट न घेता पकडला. पुण्यात माझ्याबरोबर शिकलेल्या पोरांनी पाठ करून सांगितला असता.

अमृत फ्यूजन बंगळुरूची. भारतीय जव आणि स्कॉटलंडचं पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या जळणाच्या, धुरावर सुकवलेलं जव एकत्र, पन्नास टक्के अल्कोहोल. आपल्या उन्हात पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडात दोनेक टक्के. म्हणून इथे माल लवकर मुरतो आणि हाती कमी लागतो. 2010 च्या आपल्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकात व्हिस्की समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरा नंबर दिला होता. हे मी नंतर सांगणार होतो. चाखताना दाल मिलवाले अण्णा एवढंच म्हणाले, "जाळ आहे, पण दम आहे."

लाफ्रॉइगचा ग्लास फिरला तसे अण्णा ओरडले, "अरे, खिडकी लावा, मागचा धूर आत येतोय!" खिडकी बंदच होती. डॉक्टर म्हणाले, धूर नाही, ही ड्रेसिंगची खोली आहे. दोघंही बरोबर. स्कॉटलंडच्या आयला बेटावरचं पीट जाळून त्या धुरात माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, सुकवतात, त्यातली फिनॉल्स, म्हणजे धुराच्या आणि औषधी वासाची रसायनं, थेट ग्लासात उतरतात. सराफांपैकी एकाने उरलेली कुंडीत ओतली. मुंबईहून मागवलेली बाटली, आणि कुंडीत! असो.

आता सहावी. ती ओतायला मी आत स्वयंपाकघरात होतो. सील शाबूत होतं, पण नुसतं सील बघून आमच्या धंद्यात कोणी निश्चिंत होत नाही. अशा बाटल्यांच्या तोंडात प्लास्टिकची फिटिंग असते, आत गोळी. दारू बाहेर येते, आत भरता येत नाही. त्यामुळे ओतताना ती अडखळत, गटक-गटक येते. इथे सरळ धार लागली. बाटली उलटून लेबल बघितलं: 750 मिली, 42.8 टक्के. ड्युटी फ्रीला बहुतेक लिटरची बाटली मिळते, चाळीस किंवा त्रेचाळीस टक्क्यांची. 42.8 हा दारूची तीव्रता मोजायच्या जुन्या ब्रिटिश मापातला पंचाहत्तर प्रूफ, आपल्या भारतीय बाजाराचा आकडा. म्हणजे ही बाटली दुबईला गेलेलीच नव्हती. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले. चांगल्या व्हिस्कीचं अल्कोहोल उडालं की मागे धान्याचा, लाकडाचा वास राहतो. इथे व्हॅनिला इसेन्स आणि चिकटपणा.

हा माल कसा बनतो ते बारमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. महागड्या बाटलीचं रिकामं खोकं, झाकण आणि बाटली शाबूत असली की भंगारवाला पोरांच्या हातावर चांगले पैसे ठेवतो. मी रिकाम्या बाटल्यांची लेबलं किल्लीने खरवडायला लावतो आणि पोरं मला खडूस म्हणतात. दुसऱ्या हॉटेलांत कोण खरवडतं? एक्साइजवाले रजिस्टर तपासतात, कचरापेटी नाही.

आत बहुधा साधीच देशी बनावटीची व्हिस्की असणार. पण बहुधा. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. भाऊंची ती व्हिस्की ग्लासात घालून बाहेर नेणं शक्यच नव्हतं. बाहेर भाऊ सांगत होते, "आता माझी येणार." त्यांच्या पाहुण्यांसमोर "तुमची बाटली नकली" म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि ते माझं कामही नव्हतं.

जेवणासोबत सोड्यात घ्यायला म्हणून बिलावरची एक पेटी आणली होती. जिल्ह्यातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये सर्वांत जास्त खपणारी, न्यूट्रल स्पिरिटमध्ये, म्हणजे बिनवासाच्या, बिनचवीच्या अल्कोहोलमध्ये, थोडं माल्ट मिसळलेली व्हिस्की. तिची सीलबंद बाटली फोडली, सहा नंबरच्या ग्लासांत ओतली. भाऊंच्या बाटलीतली तेवढीच मोरीत.

आणि सहा नंबर पहिला आला. जवळजवळ एकमताने.

कारणं मला कळतात. लाफ्रॉइगनंतर काहीही गोड लागणार. आणि ही चव या जिभांना वीस-वीस वर्षांची ओळखीची. भाऊंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "दुबईची ती दुबईचीच," अण्णा म्हणाले, "मीही त्याच माणसाकडून घेतो." सराफही म्हणाले, आम्हीपण. नानांनी ग्लास हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे त आपलं घरचंच दिसतं." कोणी लक्ष दिलं नाही.

भरीत-पुरी झाली, मंडळी गेली. मी भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, ही बाटली पिऊ नका." गोळी, 42.8, तळहात, सगळं दाखवलं. भाऊ म्हणाले, "अरे, सगळ्यांना तीच आवडली ना!" आता इथे अडकलो. सांगावंच लागलं की त्या ग्लासात ती नव्हती.

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "कोणती होती?" सांगितली. किंमतही सांगितली. ते हसायला लागले, इतके की खुर्चीत मागे टेकले. "उद्या तिची एक पेटी पाठव. बिलावर. आणि हे कोणाला सांगायचं नाही." ती बाटली मी त्यांच्यासमोर मोरीत रिकामी केली. लेबल खरवडायला किल्ली काढली तर हात धरला. शोकेसमध्ये जागा मोकळी दिसते म्हणे. आता तिच्यात काळा चहा भरलेला आहे, रंग अगदी जमलाय.

त्या 'माणसाचं' नाव भाऊंनी दिलं नाही. पण त्याच्या बाटल्या अण्णांच्या कपाटात आहेत, सराफांच्या घरी आहेत. भाऊंचं नाव न घेता कसं सांगायचं यावर मी डोकं खाजवत बसलो, तेवढ्यात अण्णांचाच फोन आला. मुलाच्या साखरपुड्याला तीच सहा नंबर ठेवायची, किती लागतील? मी म्हटलं, अण्णा, बाजारात नकली फार आलाय, तुमच्याकडची जरा ओतून बघा, धार सरळ येते की अडखळते, आणि लेबलवर टक्के किती लिहिलेत तेही बघा.

"आमची चांगली आहे रे," अण्णा म्हणाले. "धार एकदम मस्त येते."