ह्यू हलत नाही

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली. अक्का यायच्या आत तिच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणून चार रात्री जागलो. आज आईला बोलावून दाखवली. दोन मिनिटं पाहिलं न पाहिलं, म्हणाली, "हाऊ मन्हा शालू नही." आणि उठून लसूण सोलायला गेली.

बस, एवढंच. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

तिला काय माहीत! पहिली रात्र नुसता काळा पडदा, कारण कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डाच्या पॅनलमध्ये इनपुट ट्यूनरवर, म्हणजे अँटेनावर, आणि माझी पिवळी पिन कंपोझिटमध्ये. दुसऱ्या रात्री चित्र आलं, पण बिनरंगाचं आणि वरखाली पळणारं. व्हीसीआर उघडून हेड पुसलं, वायर बदलली, तेव्हा कुठे व्हिडिओ डिकोडरच्या रकान्यात एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची रंगीत टीव्हीची पद्धत, दिसलं. तिथे आपल्याकडचं पाल-बी निवडलं, ओळी ६२५ दाखवायला लागल्या आणि अख्खा मांडव रंगीत झाला. ओरडलोच मी. ऐकायला कोणी नव्हतं. तिसऱ्या रात्री सप्तपदीला लाईट गेली. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ बसायचं, वर कॉम्प्रेस न करता घ्यावं तर तासाला ७५ जीबी.

आणि म्हणे हा माझा शालू नाही.

ती गेल्यावर पॅनल पुन्हा उघडलं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा), ह्यू (रंगाची छटा), सगळे १२८ वर. शालू मोरपंखी होता म्हणते, इथे शेवाळी दिसतोय. म्हटलं, ह्यू जरा सरकवू. शून्यापासून २५५ पर्यंत ओढला. शालू ढिम्म. पुन्हा ओढला. अक्काच्या गालावरची हळदसुद्धा बदलली नाही.

ड्रायव्हर बिघडला म्हणून अर्धा तास शिव्या घातल्या. मग आठवलं, पालची गंमतच ती. एक ओळ सोडून एक ओळ रंगाची फेज उलटी पाठवतात, म्हणजे वाटेत झालेली चूक आपापसात कटते. रंग थोडा फिका होईल, पण हिरव्याचा निळा होणार नाही. ह्यूच्या खुंटीची गरज पडते ती एनटीएससीवाल्यांना. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं तेही पालमध्येच. रंग किती, एवढंच आपल्या हातात. कोणता, ते नाही.

म्हणजे कार्ड खरं बोलतंय. मग आई?

तीन तासांच्या कॅसेटमध्ये मी कुठेच नाही, हेही याच चार दिवसांत कळलं. चुलत-मावस सगळी पोरं आहेत, बँडवाला दोनदा आहे, पंगतीत घुसलेलं कुत्रंसुद्धा आहे. नाना बारा सेकंद, पाठमोरे. ते जाऊ दे. पण सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी नाही? मनाला लागलंच जरा.

रात्री विहिणींच्या भेटीचा तुकडा परत लावला. आईच्या अंगावर झगझगीत पिवळा झोत. ती डोळे किलकिले करते, कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघते आणि हाताने कुणाला तरी दटावते, बाजूला घे म्हणून.

तो कुणीतरी मी.

व्हिडिओवाल्याचा पोरगा जेवायला बसला होता आणि हॅलोजन माझ्या हातात दिलं होतं. अकरा वर्षांचा होतो. तीन हात लांब धर म्हटलं होतं, मी ऐटीत थेट आईच्या तोंडावर धरलं. पत्रा इतका तापलेला की अंगठ्याला फोड आला होता, त्याची आता आठवण झाली. दिवसाच्या उजेडावर लावून ठेवलेला कॅमेरा, त्यात हॅलोजनचा पिवळा प्रकाश. मोरपंखी शेवाळी होणार नाही तर काय होईल? टेपवर चढतानाच तो शेवाळी चढला.

आईला सांगायला गेलो तर ती झोपली होती. बरं झालं. एवढ्या वर्षांनी पुन्हा दटावून घ्यायची हौस नव्हती.

पॅनलमधलं डिफॉल्टचं बटण दाबलं. ह्यू मुकाट्याने १२८ वर गेला. वरातीचा भाग राहिलाय, पहाटे लाईट असेल तेव्हा घेतो. तिथे गॅसबत्त्या आहेत, त्या मी धरलेल्या नाहीत.