मंगळवेढा ते महाद्वार

पंढरपूरला जाणारी बहुतेक मंडळी मंगळवेढ्याकडे फिरकत नाहीत. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, एसटीही मिळते. मी यंदा ठरवून आधी मंगळवेढा केलं आणि मग पंढरी. संत चोखामेळा, म्हणजे आपले चोखोबा, यांच्या अस्थी ज्या वाटेने गेल्या, त्या वाटेने एकदा जायचं होतं.

दिवस हुरड्याचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट रानं आणि त्यात पुरुषभर उंचीची मालदांडी ज्वारी. या तालुक्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. बहुतेक शेतं नुसत्या जमिनीतल्या ओलीवर उभी असतात. गावात लोक आधी दामाजीपंतांचं देऊळ दाखवतात. दुष्काळात बादशहाचं धान्यकोठार उघडून देणारा माणूस, त्याचा मान मोठाच. चोखोबांचं विचारलं की हात दुसरीकडे जातो.

१३३८ साली इथल्या गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. महारांना वेठीला धरलेलं. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. पुढे नामदेव आले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरीला नेली, अशी कथा आहे. मला कथेइतकाच तो ढिगारा महत्त्वाचा वाटतो. जन्मभर नाम घेतलं म्हणून वेठ चुकली नाही, की भिंत थांबली नाही.

या घराची भक्ती गुमान सोसणारी होती असं आपण सांगत सुटतो. ते खरं नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंच्या बाळंतपणाला विठ्ठल नणंदेच्या, म्हणजे निर्मळेच्या रूपात धावून आला म्हणतात. आणि त्याच बाळाने, कर्ममेळ्याने, मोठेपणी देवाला धारेवर धरलं: उष्टं खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? बाप नामात रंगलेला, मुलगा जाब विचारतोय, आणि दोघांचेही अभंग वारकऱ्यांनी जपलेत. भांडायला तरी देव समोर आहे असं मानावं लागतं.

पंढरपुरात पोचलो तेव्हा पदस्पर्श दर्शनाची रांग दर्शनबारीच्या बाहेर आली होती. महाद्वाराशी नामदेव पायरी, आणि तिच्या समोरच चोखोबांची समाधी. छोटीशीच. आजूबाजूला चुरमुरे, बुक्का, तुळशीमाळा, पोरांच्या पिपाण्या. नऊवारीतल्या एक आजी समाधीवर डोकं टेकवून उठल्या, बुक्क्याचं बोट कपाळाला लावलं आणि पायरीला हात लावून निघाल्या.

"आजी, रांगेत नाही जायचं?"

"गुडघं कुटं ऱ्हात्यात बाबा! मुखदर्शन घीन. चोखोबाला भेटले न्हवं, झालं की."

ज्या दारासमोर चोखोबा आहेत ते दार त्यांच्या लोकांना उघडायला सहाशे वर्षं गेली. मे १९४७ मध्ये साने गुरुजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे बडवे, म्हणजे देवळाचे पिढीजात पुजारी, नमले. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी आपला एक ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या अस्पृश्यांत जन्मलेल्या संतांच्या स्मृतीला अर्पण केला. १९५६ साली मात्र त्यांनी हा देव, हे दार, सगळंच मागे टाकलं. चोखोबांच्या निष्ठेचं कौतुक आपण करतो, ते करताना ही दुसरी वाटही मान्य करायला हवी. दार बंद करणाऱ्यांच्या वारसांनी तर आधी.

मी मुखदर्शनच घेतलं. दोन सेकंद मिळाले असतील, तेवढ्यात मागून "चला माऊली, चला" झालं. तुम्ही जाणार असाल तर एकादशी टाळा आणि सकाळची एसटी धरून मंगळवेढं आधी करा. थंडीत गेलात तर एखाद्या शेतावर हुरडाही मिळेल.