हात नसलेले संत

दीवहून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तिथल्या सेंट थॉमस चर्चमधल्या संतांच्या लाकडी मूर्तींसमोर हात जोडायचे असतात की नाही?

सेंट थॉमसचं चर्च १५९८चं. पांढरंशुभ्र, उंच. बाहेरून बघितलं तर आत आत्ता प्रार्थना सुरू असेल असं वाटावं. पण आत संग्रहालय आहे. जुने संत आणि शिलालेख तिथे मांडून ठेवलेत. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते ती वर्षातून एकदा, १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला. बाकीचे दिवस संत उभे आणि आपण बघे. देऊळ असतं तर चपला बाहेर काढल्या असत्या. संग्रहालयात त्या पायातच असतात. चर्चमध्येही सहसा काढत नाहीत, टोपी काढतात आणि आवाज खाली आणतात. पण तिन्ही एकाच छताखाली असेल तर?

घरात माई असत्या तर त्यांना विचारता आलं असतं. असो.

काही मूर्तींचे हात गेलेत. त्याचं कारण घडणीतच आहे. धड उभ्या ओंडक्यातून कोरतात, पण पुढे आलेला हात त्याच ओंडक्यातून काढला तर लाकडाचे रेषे आडवे पडतात आणि तो चटकन मोडतो. म्हणून हात वेगळ्या तुकड्याचे करून खुंटीने आणि सरसाने बसवतात. बेटावरच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. सरस सुटतो, खुंटी सैल होते आणि सगळ्यात आधी हात जातो. रंगाचंही तसंच. लाकडावर खडू-सरसाचा पांढरा लेप, त्यावर रंग, कुठे सोन्याचा वर्ख. लाकूड हलतं, लेप त्याच्याबरोबर हलत नाही, मग पापुद्रे सुटतात. राहिलेलं वाळवी बघते.

आणि हात गेला की नाव जातं. संत पेत्र ओळखायचा हातातल्या किल्ल्यांवरून, लॉरेन्स ज्या लोखंडी जाळीवर त्याला भाजलं त्या जाळीवरून, अंतोनी कडेवरच्या बाळ येशूवरून. आपल्याकडे विष्णूच्या चोवीस मूर्ती शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहेत त्या क्रमावरूनच ओळखतात. हात मोडले तर केशव की माधव, कोण सांगणार? बिनहाताच्या संताचं तेच झालंय. झगा आहे, चेहरा आहे, पण हाक कुठल्या नावाने मारायची?

आपल्यात खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. कॅथलिकांमध्येही आशीर्वादित वस्तू मोडली तर ती फेकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. म्हणजे निरोप देण्याची रीत दोन्हीकडे आहे, आणि या मूर्तींच्या वाट्याला ती आली नाही. हे लिहितानाही घशाशी काहीतरी येतंय. आपलीच कीव वाटते. एवढ्या जुन्या गोष्टीपुढे उभं राहून साधा नमस्कार ठरवता येऊ नये, आणि सांगणारं घरात कुणी उरलं नसावं.

वसई सारखी आठवत होती. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, दीवला किल्ला बांधायची परवानगी १५३५ मध्ये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आज तिथल्या किल्ल्यातली चर्च बिनछपराची उभी आहेत. दीव १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. पण वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा भीमाशंकरच्या देवळात आहेच की! ती कुणाची हे विचारून कुणी वाजवत नाही. अंगावर क्रूस असलेल्या घंटेचा नाद आपण शंकराला ऐकवतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग एका बिननावाच्या संतापुढे माझे हात का अडावेत? जोडले म्हणून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. नाही जोडले म्हणूनही नाही.

दीवच्याच सेंट पॉल चर्चमध्ये हा पेच पडत नाही. जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १६०१ मध्ये सुरू केलेलं, १६१० मध्ये पुरं झालेलं चर्च. दर्शनी भिंत भारतातल्या पोर्तुगीज चर्चमधल्या सर्वात नटलेल्या भिंतींपैकी एक, आणि आत गडद लाकडाचं कोरीव काम. तिथे उपासना चालू आहे. मिस्सा सुरू असेल तर मागच्या बाकावर बसून राहावं, फिरू नये, फ्लॅश बंद ठेवावा. भिंतीला हात लावू नये, हे मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ चुन्यात मुरतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि गिलावा आतून फुगतो. बोट घासलं तरी पीठ गळतं. त्यावर सिमेंट थापलं तर ओल कोंडते आणि मग दगडच झडायला लागतो.

तिसरं चर्च सेंट फ्रान्सिसचं, त्याचं पुढे रुग्णालय झालं. गावाच्या जुन्या वेशीवर, झांपा दरवाज्यावर, सिंह आणि देवदूत शेजारी शेजारी आहेत, तेही चुकवू नये.

जाणाऱ्यांनी आधी सेंट पॉल बघावं, मग सेंट थॉमस. वेदीवरच्या मूर्ती किती उंच कोनाड्यात असतात हे एकदा नजरेत बसलं की संग्रहालयातले संत अवघडलेले का दिसतात ते कळतं. उंचावर ठेवायची मूर्ती खालून वर बघणाऱ्यासाठी घडवलेली असते. समोरासमोर उभं राहिलं की डोकं मोठं वाटतं, मान वाकलेली वाटते. त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसून बघावं, प्रमाण बरोबर दिसतं.