मांजर कापलं, आवाज ठेवला

दापोलीजवळचा एक पडका वाडा, १२ रात्री आणि आम्ही १७ जण. एवढ्या भांडवलावर मी पहिला भयपट काढायला निघालो. माजघर, माळा, बाकी काळोख. काळोखाला कसला आलाय खर्च, असा माझा हिशेब. पण काळोख दिसायलाही लाइट लागतात, लाइटना जनरेटर आणि जनरेटरला डिझेल. शिवाय त्याची घरघर प्रत्येक टेकमध्ये. साउंडवाला वैतागला, "दादा, भूत कुजबुजतंय की शेतावरचा पंप चाललाय, कळेना!" जनरेटर आगराच्या टोकाला न्यावा, तर तेवढी केबल नव्हती. मग निम्मे प्रसंग ऊन उतरल्यावर, आभाळ फ्रेमबाहेर ठेवून काढले आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड बदलताना, त्यांची रात्र केली.

सहाव्या रात्री गावातलं एक काळं मांजर माळ्याच्या जिन्यावर येऊन बसलं आणि थेट कॅमेऱ्याकडे बघू लागलं. कॅमेरामनने श्वास रोखून शॉट घेतला. सिनेमातला सगळ्यात भारी शॉट, आणि तोही फुकट!

सेन्सॉरची कागदपत्रं जमवताना कळलं, की प्राणी दिसला तर प्राणी कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी शूटिंगआधीच परवानगी काढायची असते. मांजर काही कळवून आलं नव्हतं. शॉट कापला. जिना रिकामा ठेवून फक्त आवाज ठेवला: सुपावर नखं ओढल्याची खरखर आणि आमच्या सहायक दिग्दर्शिकेने घशातून काढलेलं एक लांबट म्यांव. (हाडं मोडल्याचा आवाज शेवग्याच्या शेंगांचा. त्या संध्याकाळी आमटीतही त्याच.) सेन्सॉरकडून नव्या वर्गवारीतलं 'यूए १६+' मिळालं, म्हणजे सोळाखालच्यांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचा सिनेमा.

खरे पैसे पुढे संपले. डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत), पोस्टर, दर पडद्यामागे भरायचं डिजिटल शुल्क. चित्रपटगृहं ९, त्यातले बहुतेक शो दुपारी १२ चे. भर दुपारी भूत बघायला कोण येणार?

पहिल्या शोला ११ जण आले, त्यांतले ४ माझे मावसभाऊ. डीसीपी कुलूपबंद असते. ती उघडणारी डिजिटल किल्ली त्या-त्या सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या मुदतीपुरतीच चालते. आमची आली होती शेजारच्या पडद्याची. नवी येईपर्यंत २५ मिनिटं मी बाहेर पॉपकॉर्नवाल्यापाशी घाम पुसत उभा होतो.

मध्यंतरात पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, पण जिन्यावरचं ते काळं मांजर बघितलंस ना? कसं टक लावून बघत होतं!"