तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मी’ नाहीच, तर उधारी कुणाची?

रविवारच्या पाली वर्गात हा प्रश्न ठरलेला. परवा जिन्यात शेजारच्या काकांनीही गाठलं: “बुद्ध म्हणतो आत्मा नाही. मग चोरी करणारा एक, शिक्षा भोगणारा भलताच! याला काय नीती म्हणायची?”

काका, हेच मिलिंद राजाने नागसेन या बौद्ध भिक्षूला विचारलं होतं. मिलिंद म्हणजे प्राचीन काळचा ग्रीक राजा मिनँडर. तेव्हा हा वाद आपल्या जिन्यापेक्षा बराच जुना. नागसेनाने आंब्यांचं उदाहरण दिलं. चोर म्हणतो, ‘याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे.’ सुटेल? नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्यातूनच आले. न च सो, न च अञ्ञो: तोच नाही, पण दुसराही नाही.

पश्चिमेतही हाच प्रश्न छळत होता. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या मते आठवण जिथवर पोचते, तिथवर माणूस तोच. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९ साली आत डोकावून ‘मी’ शोधला, तर हाती आलं नुसतं संवेदनांचं गाठोडं. इथवर तो बुद्धाचा सख्खा शेजारी. मात्र विचारांनी डोकं भणाणलं की तो जेवायला, मित्रांत बॅकगॅमन खेळायला जाई. तसं त्यानेच लिहिलंय (यासाठीच मला तो आवडतो). बुद्धाला तिथे उठून चालणार नव्हतं. ‘माझं, माझं’ ही पकड सुटावी, म्हणून तर सगळा खटाटोप. शील, समाधी त्यासाठीच.

आता माझी चोरी. १९९१ साली सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीचे शेवटच्या महिन्याचे दोनशे दहा रुपये बुडवून मी खोली सोडली. पुढे बुद्धाचा ‘आत्मा नाही’ हा अनात्मवाद शिकलो आणि तो सोयीने वापरला: तो पोरगा वेगळा, मी वेगळा. हुबेहूब आंबेचोर! वर्गात ती गोष्ट शिकवताना दर वेळी घसा खाकरायचो.

गेल्या दिवाळीत गेलो. खाणावळ बंद होऊन वर्षं झालेली, काकू वरच्याच मजल्यावर. पाच हजार पुढे केले, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तो होय! किडकिडीत होता, तिसरी पोळी नको म्हणायचा. तुम्ही काही तो वाटत नाही.”

आणि नोटा मोजायला घेतल्या.