तुम्ही विचारलंत म्हणून: वीस वर्षं जुनं दुकान आणि मामाची आरामशीन

मी नागपुरात, धरमपेठेत एका आर्किटेक्टकडे तीस वर्षं नकाशे काढले. आता घरीच असतो, पण तर्री-पोह्याच्या ठेल्यावर असो की कोणाच्या साक्षगंधात, प्रश्न एकच येतो. परवा आमच्याच गल्लीतल्या एकाने विचारला. ‘‘भाऊ, बिल्डिंगीच्या खाली माझं दुकान वीस वर्षांपासून आहे. टॅक्स भरतो, लाइट बिल कमर्शियल येते. आता इतकं जुनं झालं, पक्कंच झालं नं?’’

नाही झालं. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की माणूस दुखावतो आणि माझाच जुना दाखला मला देतो: ‘‘मग तुमच्या मामाची आरामशीन कशी चालली इतकी वर्षं?’’

मामाची आरामशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, खरंच चालली. त्याने ती टाकली तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते आणि लाकूड लकडगंजातून बैलगाडीवर यायचं. पुढे घरं झाली, शहराच्या विकास आराखड्यात तो पट्टा रहिवासी झोन म्हणून पिवळा रंगला, आणि मशीन होती तिथेच राहिली. भुसा उडायचा, शेजारणी वाळवणावरून भांडायच्या, पण मामाच्या हातात एक गोष्ट होती. मशीन बसली त्या दिवशी ती कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हती. नियम नंतर आला. अशा वापराला आमच्या ऑफिसात ‘विसंगत वापर’ म्हणत. झोनशी जुळत नाही, पण बेकायदाही नाही.

असा वापर कायद्याने अमर होत नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम 56 आहे. त्यात रीतसर चालू असलेला वापरसुद्धा नियोजनासाठी बंद करायला सांगता येतो, मात्र नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि मामाने दुसरी मशीन बसवायला शेड वाढवायचं ठरवलं, तेव्हा नकाशा मीच काढला आणि तो परतही माझ्याच हातात आला. होतं ते राहू द्या, वाढवायचं तर नवी परवानगी, आणि नवी परवानगी म्हटली की आजचे नियम. मामा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता दुकानाकडे येऊ. ते ज्या जागेत आहे ती जागा मंजूर नकाशात काय आहे? पार्किंग. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते नियमाविरुद्धच होतं. मामाच्या आधी नियम नव्हता. इथे नियम आधी होता, शटर नंतर आलं. दोन्ही जुने, पण जुनेपणाची जात वेगळी. वीस वर्षांत दुकानाचं वय वाढलं, हक्क नाही वाढला. घरटॅक्सची पावती तर मनपा अनधिकृत बांधकामालाही देते. ती कर भरल्याची पावती आहे, परवानगी नव्हे. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या असतात हो.

त्यात आणखी एक गाठ आहे, ती फ्लॅटवाल्यांनाही ठाऊक नसते. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या तळातलं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत. ते मोजलं नाही म्हणून वर तेवढे फ्लॅट बसले. तिथे दुकान काढलं की गाड्यांची जागा तर गेलीच, शिवाय न मोजलेली जागा वापरात आली, म्हणजे पूर्ण इमारतीचं गणित बिघडलं. एका चारचाकीला नियमाने अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, साडेबारा चौरस मीटर. महालातल्या जुन्या घरात एवढ्या जागेत माणसं संसार करायची. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

‘‘पण बिल्डरने मला ती जागा विकली, कागद आहे.’’ हाही नेहमीचाच. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं की स्टिल्टमधलं पार्किंग हे काही वेगळं विकायचं गॅरेज नाही, बिल्डर ते फ्लॅटसारखं विकू शकत नाही. कागद असेलही. पण विकणाऱ्याचं नव्हतं ते घेणाऱ्याचं कसं होईल?

आमच्याकडे लोक ‘आरएल’, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, ब्रह्मवाक्य समजतात. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या लेआउटमधला प्लॉट नियमित झाला, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) पत्र मिळालं, की तळमजल्याचं दुकानही त्यातच आलं असं धरून चालतात. ते पत्र प्लॉटचं आहे. बांधकामाचा नकाशा वेगळा, इमारत वापरायचा भोगवटा दाखला वेगळा.

मग करायचं काय? नोटीस यायची वाट पाहू नका, एवढंच मी सांगतो. त्याच कायद्याच्या कलम 53 ची, अनधिकृत बांधकाम काढा म्हणणारी नोटीस आली तरी बांधकाम किंवा वापर राहू द्या म्हणून कलम 44 खाली अर्ज करता येतो. पण त्या अर्जासोबत हरवलेलं पार्किंग कुठे दाखवणार, हे आधी ठरवा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दाट वस्तीला आणि बाहेरच्या भागाला नियम वेगळे आहेत, रस्त्याच्या रुंदीवर दुकानाची मुभा ठरते. म्हणून जागा कोणत्या झोनमध्ये आहे तो झोन दाखला आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन या, पावत्यांची पिशवी घरी ठेवा. नकाशा कोणीच आणत नाही.

गंमत म्हणजे कायद्यात हे दोन्ही विषय शेजारीशेजारी आहेत. विकास आराखड्यात काय असावं ते कलम 22 सांगतं. त्याच्या एकाच उपखंडात, एकाच श्वासात, आक्षेपार्ह वापर वाजवी मुदतीत बंद करणं येतं आणि लगेच पुढे इमारतीसाठी गाड्यांची जागा. मामा आणि दुकानवाला एका ओळीत.

आरामशीन शेवटी कोणी बंद केली नाही. मामा गेल्यावर पोरांनी जागा बिल्डरच्या फ्लॅट स्कीमला दिली. पाच मजले झाले, खाली सुरेख स्टिल्ट. नकाशा मी नव्हता काढला, पण पाहिला होता, चौदा गाड्या दाखवल्या होत्या. मागच्या दिवाळीत तिथे मामेभावाकडे गेलो तर गाडी मला रस्त्यावरच लावावी लागली. खाली झेरॉक्सचं दुकान सुरू झालंय.